पाऊस मंगळवारचा, पूर सोमवारचा

भिकाजी, तू गेल्याची बातमी तारेनं आली. सकाळी घाटाखालच्या त्या स्टेशनावर तू डोळे मिटलेस, आणि मी कचेरीत पगडी काढून खुंटीला अडकवतोय तोवर कल्याण स्टेशनचा शिपाई कागद घेऊन दारात उभा. कुणाची हरकत नाही, कुणाच्या सहीची वाट पाहणं नाही. सरळ तार, सरळ माझ्या हातात. जन्मभर तू ज्या गोष्टीसाठी भांडलास ती अशी बिनबोभाट झाली ती तुझ्याच मरणाच्या वेळी. खरं सांगतो, वाचून आधी रडू आलं नाही, राग आला.

आज त्याला सोळा दिवस झाले. तेराव्याला तुझ्या घरी लाडू केले होते. अक्कांनी, तुझ्या थोरल्या बहिणीनं, माझ्या पानात आग्रहानं दुसरा वाढला. म्हणाल्या, "घे रे सदा, त्याला फार आवडायचा." मी तो खाल्ला. पंगतीत जो तो तुझ्याबद्दल बरं बोलत होता. हट्टी होता पण मनाचा निर्मळ, रेल्वेनं उगाच त्या रानात टाकला, तिथलं पाणी बाधलं, असं सगळं.  तुला त्या रानात कुणी टाकलं हे त्या पंगतीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तुला माझी एक सही हवी होती. एका ओळीखाली एक सही. ती मी दिली नाही. काल पुन्हा तीच वेळ आली, आणि काल काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण नुसतं कालचं सांगितलं तर तू म्हणशील, सदाशिवराव, नेहमीसारखी सारवासारव चालली आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे तरी ऐक.

एकाच पंतोजींच्या छड्या खाऊन आपण मोठे झालो. तू रेल्वेत तारमास्तर झालास, मी सरकारी कचेरीत कारकून. तुझं कल्याण स्टेशन आणि माझी कचेरी यांच्यात तोंडातलं पान संपेपर्यंतचं अंतर. तुमची घंटा आम्हाला ऐकू यायची. पण तुझ्या खात्याला माझ्या खात्याला काही कळवायचं असलं की कागद आधी मुंबईला जायचा, तिथून ठाण्याला, ठाण्यात चार टेबलांवर विसावा घेऊन मग आमच्याकडे. आठ-पंधरा दिवस कुठं गेले नाहीत. तू म्हणायचास, "पाण्याला जावक नंबर लागत नाही रे. ते आपलं निघतं आणि येतं."

तुझ्यामुळेच मला नदी दिसायला लागली, हे कबूल करतो. त्याआधी उल्हास म्हणजे माझ्या लेखी संकष्टीला टिटवाळ्याला जाताना शहाडला आडवं येणारं पाणी, एवढंच होतं. वर बदलापूरकडं पाऊस कोसळला की साधारण अर्ध्या दिवसानं ते पाणी शहाडच्या पुलाखालून घुसतं आणि कल्याणच्या पुढं खाडीला मिळतं. खाडीत तेव्हा मोठी भरती असली तर त्याला जायला वाट उरत नाही. मग ते डोंबिवलीच्या खालच्या मिठागरांत आणि त्यांच्या कडेच्या गावांत शिरतं. हे तू मला दोन वाट्या आणि तांब्या घेऊन समजावलं होतंस, आणि आमच्या ओटीवर पाणीच पाणी केलं होतंस.

आता खात्यांची गंमत. लिहितानाही डोकं तापतं. बदलापूरला पाऊस मोजायचं काम आमच्या खात्याचं. शहाडच्या पुलाखाली पाणी मोजायचं काम रेल्वेचं. भरतीची नोंद मीठखात्याकडं. बांध आणि रस्ते बांधकामखात्याकडं. चौघांच्या हातात एकेक तुकडा, आणि ज्याच्या घरात पाणी शिरणार त्याच्या हातात काही नाही. शिवाय आपल्या तुकड्याबद्दल प्रत्येकाला केवढा अभिमान. बदलापूरच्या चावडीच्या अंगणात आमचं पाऊस मोजायचं तांब्याचं नरसाळं होतं, त्यावर तलाठ्याच्या बायकोनं एका वर्षी पडवळाचा वेल चढवला, आणि आम्ही अख्खा आषाढ 'पर्जन्यमान बेताचे' म्हणून वर कळवत राहिलो. वरूनही कुणी काही विचारलं नाही. हे तुला सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलास.

तुझी युक्ती अगदी साधी होती. बदलापूरच्या तारवाल्याशी रोज सकाळी तारेवर तुझा रामराम व्हायचा. त्यातच तू विचारून घ्यायचास, पाऊस कसा आहे, नदी कुठवर आली. बरंवाईट काही असलं की चिठ्ठी खरडून तू हमालाबरोबर माझ्याकडं धाडायचास, आणि मी आमचा पट्टेवाला घोड्यावरून खाडीकाठी जानू पाटलाकडं पाठवायचो. जानू पाटील त्या मिठागरवाल्या गावाचा मुख्य. ना आवक, ना जावक. तुझ्या खात्याला पत्ता नाही, माझ्या साहेबाला अर्धवट पत्ता. दोन कारकुंड्यांनी मिळून चार खात्यांचं काम चालवलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा रुबाब वाटायला लागला होता.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. तुझी चिठ्ठी आली, पट्टेवाला दौडत गेला, पाटलानं गाव, गुरं, कोंबड्यांसकट सगळ्यांना टेकाडावर नेऊन बसवलं. पाणी आलं आणि खाडीतून सरळ निघून गेलं. कुणाचा उंबरठासुद्धा भिजला नाही. तिसऱ्या दिवशी जानू पाटील आमच्या कचेरीच्या ओट्यावर येऊन बसला. तूही होतास.

"भांगाची भरती व्हती," तो म्हणाला. "भांगाला खाडीन पानी चरत नाय. येवरं पन तुमाना ठावं नाय?"

अष्टमी-नवमीच्या कमजोर भरतीला ते लोक भांग म्हणतात. मी म्हणालो, "आम्हाला कसं ठाऊक असणार, पाटील?"

"मंग इचारायचं व्हतं. पोरंबालं पावसान बसवली आमची." तो तुझ्याकडं वळला. "भरतीचा आमाना नका सांगू, ता आमाना जलमापासना ठावं हाय. वरचं पानी कवा येल तेवरं सांगा. बाकीचा आमी बघू."

मला त्याचा राग आला होता. तुला नाही. तू तिथल्या तिथं खिशातली वही काढलीस आणि त्याला विचारत बसलास, कुठल्या तिथीला किती, उधाण किती दिवस टिकतं, वारा दक्षिणेचा असला तर काय. मग मीठखात्याच्या कारकुनाला गाठून त्याच्या वहीतले भरतीच्या वेळा उतरवून आणल्यास. पाटलाचं आणि वहीचं जुळतंय हे पाहून तुला इतका आनंद झाला होता की घरी काही लग्नकार्य ठरलंय की काय असं वाटावं.

पुढच्या श्रावणात अमावास्येच्या उधाणाला खरा पूर आला तेव्हा गाव टेकाडावर होतं. झोपड्या गेल्या, माणूस एक गेला नाही, जनावर एक गेलं नाही. पाटलानं आपल्या दोघांना भाराभर काकड्या आणि शिराळी धाडली. तू म्हणालास, सदा, आपल्या नोकरीत कुणी आपल्याला आपणहून काही पाठवलं असं आजवर झालं होतं का? नव्हतं झालं. वीस वर्षं मी पावसाचे आकडे लिहीत होतो, भिकाजी, आणि त्या दोन पावसाळ्यांत पहिल्यांदा त्या आकड्याची कुणीतरी वाट बघत होतं. हे मी तुला तोंडावर कधी बोललो नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

गोष्ट कानोकानी वर गेली. आणि नवल म्हणजे चांगल्या माणसाच्या कानावर गेली. ठाण्याच्या एका गोऱ्या साहेबानं ठरवलं की चारही खात्यांनी एकत्र बसून बघावं, वरच्या पावसावरून खालच्या गावांना आधी सूचना देता येईल का. चार खाती एका टेबलाशी, याचंच तुला अप्रूप. तू त्या दिवसासाठी नवं उपरणं घेतलंस. मी माझं पावसाचं रजिस्टर नवीन कापडात बांधून नेलं. तुझ्या स्टेशनातून शहाडच्या पाण्याचं पुस्तक आलं.

पुढचं आठवलं की अजून हाताच्या मुठी वळतात. तुमच्या इंजिनियरनं एक मोठा पूर काढून त्यावर बोट ठेवलं, शहाडला पाणी चढलं सोमवारी. साहेबानं माझ्या रजिस्टरात बघितलं, बदलापूरला पाऊस झाला मंगळवारी. दुसरा पूर काढला. तिथंही पूर आधी, पाऊस दुसऱ्या दिवशी. तिसराही तसाच. मीठखात्याचा अधिकारी म्हणाला, या तालुक्यात आधी पूर येतो आणि मग पाऊस पडतो. सगळे हसले, अगदी आमचे मामलेदारसुद्धा. साहेब मात्र हसला नाही, तो खट्टू झाला. पण त्याचा इलाज नव्हता, कागद समोर होते. तुला ताकीद मिळाली, यापुढं खासगी बातम्यांसाठी तारेचा वापर करायचा नाही. दुपारच्या गाडीनं सगळे परत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसलो होतो. तू बाहेरूनच हाक मारलीस, आणि मी सोवळ्यात आहे म्हटलं तरी उंबरठ्यावर बसून बोलायला लागलास.

"सदा, दोघांचंही बरोबर आहे रे."

"काय बरोबर आहे?"

"तू मंगळवारी सकाळी आठला मोजलेला पाऊस कुठल्या वारी लिहितोस?"

"मंगळवारी. मंगळवारी मोजला तर मंगळवारीच लिहिणार."

"आणि शहाडचा पहारेकरी मंगळवारी सकाळी पाणी बघतो, ते आमच्याकडं सोमवारात जातं. कारण आमचा सोमवार त्या आकड्यानं बंद होतो." तू गुडघ्यावर थाप मारलीस. "एकच सकाळ आहे, पाऊस तिच्या आदल्या दिवसाचा. तू तिला मंगळवार म्हणतोस, आम्ही सोमवार म्हणतो. बस, एवढंच आहे."

माझ्या हातातलं फूल तसंच राहिलं. मला ते ठाऊक होतं, भिकाजी. म्हणजे माझ्या बाजूचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मीच तर लिहीत होतो. फक्त जगात दुसरं कुणी निराळं लिहीत असेल असा विचार वीस वर्षांत एकदाही डोक्यात आला नाही. आणि तुमच्या पुस्तकवाल्याच्याही आला नसणार. असली चूक करायला माणूस अडाणी असून चालत नाही, आमच्यासारखा नेटका कारकून लागतो.

तू दोन ओळी लिहून आणल्या होत्यास. वरची रेल्वेच्या पुस्तकाबद्दल, तिच्याखाली तुझी सही झालेली. खालची माझी: 'या रजिस्टरात पाऊस मोजल्याच्या दिवशी लिहिला जातो.' माझ्या सहीसाठी जागा. मी म्हणालो, मामलेदारसाहेबांना विचारतो. तिथंच तुझा चेहरा बदलला होता, मी पाहिलं होतं.

मामलेदारांनी कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाले, "जोशी, हे रजिस्टर दर महिन्याला वर जातं. वीस वर्षं जातं आहे. आता तुम्ही लिहून देणार की त्याचा अर्थ निराळा आहे. उद्या वरून विचारलं, मग वीस वर्षं काय करत होता, तर काय सांगणार? तुमच्या पेन्शनीला किती राहिली?"

मी घडी तशीच खिशात घातली.

त्यानंतरच्या संकष्टीला आपण टिटवाळ्याला चालत निघालो होतो. शहाड मागं पडलं. मग म्हणालास, "तू चोरी केलीस असं कोण म्हणतंय रे? रजिस्टर चूक आहे असंही मी म्हणत नाही. नुसतं सांग, कधीचा पाऊस कधी लिहितोस ते."

"तुला बोलायला काय जातंय? तुझं खातं वेगळं आहे," मी म्हणालो.

"हेच," तू म्हणालास. "हेच ते."

एवढं बोलून तू पुढं चालायला लागलास. देवळात आपण निरनिराळ्या ओळींत उभे राहिलो. हे भांडण तिथंच राहिलं आहे. मी त्यावर पुढं कितीतरी उत्तरं तयार केली, फार चांगली चांगली, सगळी मनातल्या मनात. तुझा कागद तू एकट्याच्या सहीनं पुढं पाठवलास आणि उत्तर आलं, कचेरीकडून दुजोरा नाही.

पुढच्या श्रावणातल्या पौर्णिमेचं मला आता लिहावं लागेल. ते टाळण्यासाठी मी आतापर्यंत पडवळाचा वेल वगैरे सांगत बसलो, हे तू ओळखलंच असशील.

सकाळी नऊला तुझा हमाल चिठ्ठी घेऊन आला. ताकीद असताना तू ती पाठवली होतीस. 'बदलापूरला नदी पट्टीच्या वर. दुपारी खाली. उधाण आहे. पाटलास कळव.' मी चिठ्ठी घेऊन आत गेलो. मामलेदारांनी विचारलं, "आवकात घेता येईल असा कागद आहे का हा?" मी म्हणालो, नाही. "मग थांबा. खरं असेल तर ठाण्याहून येईल." मी जागेवर येऊन बसलो आणि चिठ्ठी दौतीखाली ठेवली. बसलो, भिकाजी. दहा वाजले, अकरा वाजले. बाहेर ऊन पडलं होतं, त्यामुळे मनाची समजूत घालणं सोपं गेलं. बाराला राहवलं नाही तेव्हा पट्टेवाल्याला म्हटलं, माझ्या शब्दावर जा. तो गेला. त्याच्या घोड्याच्या गुडघ्याला पाणी लागलं तेव्हा गाव अजून अर्धं खाली होतं.

माणसं निघाली बरीचशी. पाटलाचा भाऊ गोमा म्हशी सोडायला परत गेला. म्हशी पोहून टेकाडाला लागल्या. गोमा तिसऱ्या दिवशी मिठागराच्या बांधाला सापडला.

मग कागद सुरू झाले, आणि कागद कसे वेळेवर येतात बघ. रेल्वेनं तुला विचारलं, ताकीद असताना तारेवर बोललास का. तू म्हणालास, गावांसाठी बोललो, कचेरीला कळवलं. मग रेल्वेनं आमच्या कचेरीला विचारलं, अशी काही सूचना आपणांस पोचली काय. मसुदा माझ्याकडं आला. मी लिहिलं, 'आवकात नोंद नाही.' हे अक्षरशः खरं आहे. तुझी एकही चिठ्ठी मी कधी आवकात घेतलीच नव्हती. माझ्या नोकरीतलं सगळ्यांत खरं वाक्य आणि सगळ्यांत हलकट वाक्य एकच आहे.

त्या उत्तरामुळे तू तारेवर गप्पा मारणारा, कामचुकार, वर खोटं बोलणारा तारमास्तर ठरलास. महिन्याभरात बदली. तुमच्या हेडक्लार्कनं मला नंतर सांगितलं की चौकशीत तुला तीनदा विचारलं, कचेरीत चिठ्ठ्या घेत कोण होतं. तीनही वेळा तू 'कचेरी' एवढंच म्हणालास. माझं नाव घेतलं नाहीस. मला वाचवून तू मला काय करून ठेवलंस याचा विचार केला होतास का? नाव घेतलं असतंस तर माझी नोकरी गेली असती, मी तुला दोन शिव्या दिल्या असत्या आणि आपली फिटंफाट झाली असती. या गोष्टीचा मला तुझ्यावर आजही राग आहे. तुझ्या चांगुलपणाला काही धरबंदच नव्हता.

दिवाळीला तू दोन दिवस घरी आला होतास. डोळे पिवळे, गालफडं बसलेली. माझ्याकडं फराळाला आलास. चकली कडक झाली आहे म्हणालास, मुंबईत नाटकं कुठली चालली आहेत विचारलंस. मी वाट बघत होतो तू विषय काढण्याची. मी काढणार नव्हतो, माझ्यात तेवढी धमक नव्हती. उठताना वहाणा घालता घालता तू विचारलंस, "काय रे, पाऊस हल्ली कुठल्या वारी लिहितोस?"

"पूर्वीसारखाच," मी म्हणालो.

तू हसलास. चिडून नाही, नेहमीसारखा. 'चुकलो' एवढा एक शब्द होता, तो माझ्या ओठांवर होता. तू कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो तिथंच होता. नंतरचं वर्षभर मी ठरवत होतो, पुढच्या खेपेला बोलू.

आता कालचं.

यंदाच्या पावसात रेल्वेचा भराव खचला. गावं बुडाली तेव्हा कुणाला घाई नव्हती, पण भराव खचला म्हटल्यावर चारही खाती पुन्हा टेबलाशी आली. या वेळी वर एक डेप्युटीसाहेब आहेत, आपल्यातलेच, बोलायला साधे. मला रजिस्टर घेऊन बोलावलं. पुन्हा तेच, भिकाजी. पूर सोमवारी, पाऊस मंगळवारी. पुन्हा कुणीतरी तोच विनोद केला, आधी पूर आणि मग पाऊस. मामलेदार माझ्याकडं न बघता हसले. जानू पाटीलही बोलावल्यावरून आला होता, दाराशी उभा होता. तो हसला नाही.

मी उठून उभा राहिलो. 

"साहेब, पूर नंतरच येतो," मी म्हणालो. आणि सांगितलं, पाऊस कधी मोजतात, मी कधी लिहितो, रेल्वे कधी बघते, कधी लिहिते. डेप्युटीसाहेबांनी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ओढली. आमचा रकाना एक दिवस मागं धरून बोटानं एकेक पूर लावत गेले. पाच पूर लावले, पाचही बसले. इंजिनियर वाकून बघत होता. 

"इतक्या वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"आलं होतं. इथल्या तारमास्तरांच्या आलं होतं."

"मग त्यांनी सांगायला नको होतं?"

"सांगितलं होतं, साहेब. मला सांगितलं होतं. सही मागितली, मी दिली नाही. गेल्या वर्षी श्रावणात त्यांची चिठ्ठी सकाळी नऊला माझ्या हातात पडली होती. मी ती बारापर्यंत ठेवून घेतली. आणि रेल्वेनं विचारलं तेव्हा आवकात नोंद नाही असं लिहिलं, तेही मीच."

जानू पाटील माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. मामलेदारांनी काही बोलायला तोंड उघडलं, साहेबांनी हातानंच थांबवलं. मला वाटलं आता माझं जे व्हायचं ते होईल, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पण साहेब माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी कारकुनाला मसुदा सांगायला सुरुवात केली. पुढच्या मृगापासून बदलापूरची तार थेट कचेरीला यावी, मुंबई-ठाण्याची वाट बघू नये. मीठखात्यानं भरतीच्या वेळा आगाऊ द्याव्यात. घोडेस्वार बांधकामखात्याचा. गावानं काय करायचं ते पाटलाला विचारून ठरवावं. तुझीच योजना, भिकाजी, तुझ्या खिशातल्या वहीत होती तशीच्या तशी. चारही खाती माना डोलवत होती. अर्ध्या तासात झालं सगळं.

मग साहेब इंजिनियरना म्हणाले, "या कामाला तो तारमास्तरच इथं पाहिजे. त्याची बदली फिरवा." इंजिनियर म्हणाले, अवश्य, आजच लिहितो. कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि माझ्याकडं मान वर करून विचारलं, "नाव सांगा. आणि हल्ली कुठल्या स्टेशनावर असतात?"

नाव मी सांगितलं. त्यानं लिहिलं. मग सगळे थांबले, रेल्वे, मीठखातं, बांधकामखातं, आमची कचेरी, दाराशी पाटील. भिकाजी, पहिल्यांदाच त्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि तू कुठं आहेस हे मला त्यांना सांगावं लागलं.